गुरुवारचे ट्रक

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. तब्येत ठीक आहे, जेवते वेळेवर. हेच फोनवर सांगायला घेतलं असतं, तर दुसऱ्या वाक्यालाच तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणाला असतात.

आमच्या विद्यापीठातल्या केंद्राचं काम मी समजावलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे शेजारचे देश नांदतात की भांडतात, ते तुम्ही कागदावर मोजता!" तेच. सध्या व्यापार करारानंतर सीमा किती मोकळी झाली, याचा अहवाल चालू आहे. त्यासाठी सीमेवरच्या नाक्यांच्या जुन्या नोंदवह्या आल्या आहेत. रोज किती ट्रक पलीकडे गेले, एवढंच त्यांत असतं. माझ्या टेबलावर आला तुमचा नाका. वहीतलं तुमचं अक्षर लगेच ओळखलं. शेजारच्या सहकाऱ्याला दाखवायला हात उचलला, आणि का कोण जाणे, तसाच खाली घेतला.

इतर दिवशी कधी अठरा ट्रक, कधी साठ. गुरुवारी मात्र बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. सलग तीन वर्षं. पलीकडच्या चालकांचा संप होता, त्या गुरुवारीसुद्धा बेचाळीस. आम्ही सगळ्या नाक्यांची तुलना गुरुवारच्या आकड्यांवरूनच करतो, त्यामुळे संपातही न डगमगलेला नाका म्हणून संचालक मॅडमनी तुमच्या नाक्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

मी लहान असताना आपण नाक्याजवळ राहायचो, तिथे शाळा नव्हती. आई वाचायला शिकवायची आणि गुरुवार तुमचा, गणिताचा. सकाळच्या चहापासून दिवस मावळेपर्यंत. मला वाटायचं, गुरुवारी तुम्हाला सुट्टी असते. वहीच्या पहिल्या पानावर छापलंय, सुट्टी रविवारी.

तुम्ही शिकवलं होतंत, मोजलेला आकडा नुसता लिहायचा. अंदाजाचा असेल तर त्याच्या डोक्यावर बारीक गोल काढायचा. अंदाज करण्यात पाप नाही, तो लपवण्यात आहे. मी भिंग घेऊन बसले. प्रत्येक गुरुवारच्या आकड्यावर गोल आहे, बाबा. संगणकात आकडे भरणाऱ्यांनी तो डाग समजून सोडून दिला. सहकाऱ्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "माशी बसली असेल. तू ना, दुधातही खडे शोधशील!"

चार दिवस मी गप्प होते. तशीच राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्या गोलाचा अर्थ जगात आपल्या दोघांनाच माहीत. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी तुमची चौकशी होऊ शकत नाही, हे मी नियमांत दोनदा वाचलं. तुम्ही मला शंकासुर म्हणता ते उगाच नाही, तिसऱ्यांदाही वाचलं.

आज सकाळी मॅडमना सांगितलं. तुला कसं कळलं, हे त्यांनी विचारलंच. तेही सांगितलं. त्या बराच वेळ वही उलटत राहिल्या, मग प्रकरण काढून टाकलं. आता फक्त तळटीप उरली आहे: हे आकडे अंदाजाचे असून नोंद करणाऱ्याने स्वतःच तशी खूण केली होती. शेवटचे शब्द माझ्या हट्टाने आले. ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. रागावलात तर रागवा, ऐकून घेईन. पण ते गुरुवार तुम्ही नाक्यावर घालवले असतेत, तर आज मला तो गोल दिसलाच नसता. रविवारी घरी येते. अकराला पोचेन. अकरावर गोल काढलाय, बघा.

तुमचीच,
शंकासुर