उरलेला महादू

मालवण,
२८ एप्रिल २०२४

चि. अनुजा हिला विमलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तू पुण्यातून ओरडायला लागलीस की शेजाऱ्यांना आपलं भांडण चाललंय असं वाटतं. त्यापेक्षा पत्र बरं. तू तिकडे संग्रहालयात जुने फोटो सांभाळतेस म्हणून दादा गावभर सांगत असतो. मी इथे तेच काम एकटीने उरकलं आहे. वाच आणि शाबासकी दे.

तुझे काका गेल्यावर स्टुडिओ बंद केला, तेव्हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या ट्रंकांत भरून पडवीत ठेवल्या होत्या. परवा ट्रंका उघडल्या तर हा कुबट वास! आगोटीला, पावसाच्या आधी, आपण मिरच्या, सोलं, सुके बांगडे सगळ्याला ऊन दाखवतो. मग निगेटिव्हनीच काय घोडं मारलंय? खळ्यात चटया अंथरल्या. कोकमाची साल आणि बी वेगळी करतात तशा पाकिटांतून निगेटिव्ह काढल्या आणि दोन दिवस कडकडीत वाळवल्या. पाकिटंही दमट होती, ती वेगळी वाळवून एका पिशवीत भरली. आमचे चिरंजीव विराज विचारत होते, की हे पापड तळायचे कधी.

आणखी एक काम अंगावर घेतलं आहे. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या घेऊन येणारा धामापूरकडचा महादू तुला आठवत असेल. तो गेल्या ज्येष्ठात गेला. त्याची बायको मथुरा काल आली होती. नऊ जूनला वर्षश्राद्ध आहे आणि घरात त्याचा एक फोटो नाही. आधार कार्डावर आहे तो चोर पकडून आणल्यासारखा. कॅमेरा दिसला की हा मागच्या दारी पळायचा. त्याच्या भावाच्या, गणपतच्या लग्नाचा एकोणनव्वद सालचा आल्बम मथुरेने आणला होता. त्यात पंगतीच्या एका फोटोत, अगदी कडेला, कोपरापासून पुढचा एक हात दिसतो, हातात भाताचा डाव. करंगळी वाकडी, म्हणजे महादूच. मथुरा मला विचारत होती, की हात आसा, मगे बाकीचो माणूस खंय गेलो?

मी फोटोग्राफरची बायको. मला ठाऊक आहे, की तेव्हाची निगेटिव्ह चौकोनी आणि कागद लांबट, त्यामुळे छापताना कड कापली जायची. उरलेला महादू माझ्या घरात आहे, वर्षश्राद्धाला हातात देते, असा मी तिला शब्द दिला आहे.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी विमलाआत्या

*

पुणे,
४ मे २०२४

ती. विमलाआत्यास अनुजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खुर्चीत बसले, मग पाणी प्यायले. आत्या, निगेटिव्ह म्हणजे सुका बांगडा नव्हे. तिच्यावर जेलीसारखा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. उन्हाने तो आक्रसतो, तडकतो. कुबट वास आला तर सावलीत, वाहत्या हवेत ठेवायच्या.

पण खरी रड वेगळीच आहे. काकांनी नंबर घातला होता पाकिटावर, आणि त्या नंबरासमोर नाव लिहिलं होतं वहीत. तू निगेटिव्ह पाकिटांतून काढल्यास, म्हणजे आता वही आहे, पाकिटं आहेत आणि हजारो निनावी माणसं आहेत. रागावू नकोस, पण मथुराकाकूंना जूनपर्यंत जमणार नाही असं आत्ताच सांगितलेलं बरं. सगळा माल खोक्यांत भरून इकडे पाठव. आम्ही दिवाळीपर्यंत लावून देऊ.

तोवर एवढं कर. निगेटिव्ह फक्त कडांना धर. आंबूस वास येईल त्या वेगळ्या काढ, नाहीतर त्या बाकीच्यांनाही नासवतात. डांबराच्या गोळ्या घालू नकोस (तू घालणार होतीस, मी ओळखते). माझ्याकडून नवी कागदी पाकिटं पाठवत आहे. ती भरून मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेव, जमिनीपासून वर, समुद्राकडच्या भिंतीपासून लांब. आणि काकांची कात्री कधी सरळ चालली नाही, हे आपलं नशीब. एका रोलच्या दोन पट्ट्यांची तिरकी टोकं एकमेकांना जुळतील, तशी लावून बघ.

तुझी काळजी वाटते, म्हणून एवढं बोलले. ओरडा खायला तयार असलेली,
अनुजा

*

मालवण,
१५ मे २०२४

चि. अनुजाला आशीर्वाद, आणि वर एक धपाटा.

चुकलं माझं. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. पण खोकी पुण्याला यायची नाहीत. तुझ्या ऑफिसातल्या हुशार मुलांना यातला एक तरी माणूस ओळखता येईल का? मी ओळखते. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी माझ्या हातात टोकदार पेन्सिल दिली होती. लोकांच्या गालावरचे देवीचे व्रण मी निगेटिव्हवर बुजवायचे. गोऱ्याचं काळं आणि काळ्याचं गोरं झालेले चेहरे मी बारा वर्षं पाहिले आहेत. बाजारात माणसाला ओळखायला मला वेळ लागेल, निगेटिव्हमध्ये लागत नाही.

काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावली आहे. सकाळी नऊला बसते, जेवायला उठते, चारला थांबते. आधी चौकोनी आणि लहान वेगळ्या केल्या, मग लग्नं, बारशी, शाळेचे गट. कात्रीची टोकं खरोखर जुळतात गो! वाकडं कापतात म्हणून मी ह्यांना जन्मभर बोलले, ते आता परत घेते. तुझी पाकिटं मिळाली. सहाशेच्या वर भरून झाली आणि वहीतली नावं त्यांच्यावर चढली. विराजने पाहुण्यांसाठी केलेली एसीची खोली निगेटिव्हला द्यायला काढली होती. मीच नको म्हटलं, एसी चालू-बंद झाला की दमट होतं ना?

गणपतचं लग्न सापडलं. नवरीच्या चौकड्याच्या शालूवरून ओळखलं. पण पंगतीची पट्टी त्यात नाही. आधीची आहे, नंतरची आहे, मधली गायब. सगळ्या चटया झाडल्या, खळ्यातल्या माडाच्या आळ्यात हात घालून पाहिलं. वाळवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला होता. मथुरेला मी शब्द दिला आहे आणि तिचा नवरा मीच वाऱ्यावर सोडला असेन, या विचाराने मला घास जात नाही. तिला अजून काही कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही. अजून दोन ट्रंका बाकी आहेत.

तुझ्या ओरडण्यातही माया असते, ती असू दे.
आत्या

*

पुणे,
१ जून २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

विराजदादाच्या मित्राने आणलेलं पाकीट मिळालं. एका पट्टीच्या पाठीला दुसरी चिकटलेली, आणि त्यावर तुझी चिठ्ठी, की ओढून काढायचा मोह झाला पण हात आवरला. आत्या, तो हात आवरलास म्हणून महादू वाचला. शाळेच्या कवायतीमागे दमटपणाने चिकटलेली पट्टी कडेच्या कापावरून ओळखणारी बाई आमच्या अख्ख्या विभागात नाही. खोकी मागवली होती ते मी परत घेते.

स्वच्छ पाण्यात भिजवून दोन्ही हलके हलके सुटल्या. एका कोपऱ्यातला थर गेला, तिथे मांडवाचं छत होतं. माणूस अख्खा आहे. खांद्यावर पंचा, कमरेत वाकलेला. समोरचा म्हातारा पानावर दोन्ही हात आडवे धरून पुरे म्हणतोय आणि हा हसत हसत वाढतोच आहे. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षच नाही, म्हणून तर पळाला नाही.

मांडवाच्या खांबावर एका अंगठ्याचा ठसा उमटला आहे. कुणाचा ते मी विचारत नाही, छापताना पुसून टाकला आहे. पूर्ण चौकोनी अशा तीन प्रती सोबत आहेत. एक काचेत लावायला, एक मथुराकाकूंच्या उशाशी, एक तुझ्या वहीत.

तुझ्या हाताखाली शिकायला यायचं म्हणते. ठेवून घेशील ना?
अनुजा

*

मालवण,
१० जून २०२४

चि. अनुजाला खूप खूप आशीर्वाद.

निगेटिव्ह कपाटात गेल्या. महादूच्या पाकिटावर मी नवा नंबर घातला आणि वहीत गणपतच्या नावाखाली त्याचंही नाव लिहिलं. पंगतीत वाढणाऱ्यांची नावं तुझ्या काकांनी कधी लिहिली नव्हती. आता मी लिहायला लागले आहे. पुढच्या सुट्टीत ये, तुलाही बसवते.

फोटो घेऊन मी स्वतः मथुरेकडे गेले. तिचा मुलगा मंगेश चांगला पोरगा, पण त्याने तेवढ्यात तोंड कापून, कोट-टाय चढवून, मागे निळं आकाश लावून आणायचा बेत केला. हल्ली मेलेल्या प्रत्येक माणसाला ते आकाश लावतात. मथुरेने साफ सांगितलं, की माज्या घोवान जल्मात कोट घालूक नाय, आता मेल्यार तेका कित्याक छळतास? मग ती फोटो घेऊन माजघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही आत गेले नाही. बाहेर आली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. मला रडू आलं, ते लपवलं नाही.

मंगेशने आणलेली चौकट तेवढी उपयोगी पडली.

काल वर्षश्राद्ध झालं. जेवायला सगळी वाडी होती. कुणाचंही कार्य असो, महादू वाढायला उभा राहायचा आणि टोपाच्या तळाचा गार भात घेऊन सगळ्यांच्या शेवटी बसायचा. त्याला जेवताना पाहिलेलं कुणाला आठवेना. पानं मांडून झाली तशी मथुरा उठली. मंगेशच्या हातातला डाव तिने काढून घेतला, फोटोसमोर केळीचं पान ठेवलं आणि टोपातला वरचा, वाफाळता भात त्यावर वाढला. ते पान वाढून होईपर्यंत वाडीतल्या एकाही माणसाने घास उचलला नाही.

जीव लावलास, तो असाच राहू दे.
तुझी आत्या