खळ्यावरचं संत्र्याचं झाड

मी, जिजा नागू भोईर, वय ७४, राहणार कळंब, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी बोलून बघावं.

१. राहतं घर मुलगा कमलेश यास. अंगण त्याने रिसॉर्टवाल्यांना गाड्या लावायला देऊ नये.

२. भातशेती कमलेश व मुलगी हर्षला यांना निम्मी निम्मी. वाद झाला तर कमलेशने पडतं घ्यावं. लहानपणी त्याने एकदाही घेतलं नाही.

३. कलमाचा चाकू हर्षलाला. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरावा तो तिनेच, हात हलका आहे.

४. सन २००९ मध्ये खालापूरच्या हसन बुबेरे यांनी मला नागपुरी संत्र्याची चाळीस कलमं टेंपोने आणून दिली. "बाय, पानी साचू देऊ नको," असं दोनदा बजावलं. मी भात लावणारी. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच या हातांना ठाऊक. प्रत्येक झाडाभोवती बांध घातला. तीन पावसाळ्यांत एकोणचाळीस झाडं गेली. खळं उंचावर, तिथलं एक जगलं.

मी देवळासमोर चारचौघांत हसनभाईंना म्हणाले, "तू सडकी कलमं दिलीस." त्यानंतर गावात त्यांच्याकडून कुणी रोप घेतलं नाही. पण मेलेलं झाड उपटलं तेव्हाच काळी, कुजलेली मुळं मी पाहिली होती. चूक माझी, हे कळलं होतं. तरी खोटं बोलले आणि तेरा वर्षं गप्प बसले. मला त्याची लाज वाटते.

~~हे कलम माझ्या तेराव्याला देवळासमोर वाचावे.~~

५. खळ्यावरचं झाड हसनभाईंना द्यायचं ठरवलं होतं. परवा त्यांना बोलावून सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "झाड नको मला. आन् तुज्या तेराव्याला मी आसन का नाय, कोनाला ठावं? जित्ती हायेस तर तूच वाच गं."

झाड हर्षलाला. त्याच्याभोवती बांध घालू नये.

कलम ४ ची शेवटची ओळ मी स्वतः खोडली आहे. आज सकाळी देवळासमोर उभी राहून ते कलम मीच वाचलं.

कळंब, १६ नोव्हेंबर २०२५
जिजा नागू भोईर (सही)

साक्षीदार:
१. सुप्रिया ठोंबरे, वकील, कर्जत (सही)
२. हसन दाऊद बुबेरे, खालापूर (सही). यांनी यातलं काहीही घेतलेलं नाही.