आबांच्या मोबाइलमधला पावणा

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, आणि काल पोलीस ठाण्यात तुमचं नाव निघालं. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला विचारू?

आधी ठाण्यातून एका बाईचा फोन आला, तेव्हा मला वाटलं फ्रॉड. चांगली झापली त्या बाईला! पण ठाण्यातले साहेब म्हणाले, खरं आहे. मोबाइलवर ओळख झालेला तुमचा तो परदेशातला फुटबॉलवेडा पावणा तिकडे पकडला गेलाय. आपल्या पेठेच्या मॅचवर तिकडे बेटिंग चालायचं म्हणे. आपल्या मॅचवर, आबा!

तुम्ही टीमचे मॅनेजर. कुणाचा गुडघा दुखतोय, गोलकीपर कोण, सगळं त्याला कळवायचात. मी म्हटलं होतं, "हा इतकं का विचारतो?" तर माझ्यावरच खेकसलात, "लांबचा माणूस आपल्या खेळाचं कौतुक करतोय, त्याला न्हाय कसं म्हणायचं? पावणा हाय की त्यो!" आग्रहानं रस्सा वाढावा तशी टीमची बातमी वाढलीत त्याला.

पण खरं सांगा, तुम्हाला काहीच कळलं नव्हतं? मग सेमीफायनलला नेहमीच्या गोलकीपरला बाहेर बसवून नवख्या अक्षयला का उतरवलंत? तीन गोल खाल्ले त्यानं. पेठेत त्याला अजून 'विकला गेलेला' म्हणतात. त्यानं खेळणंच सोडलंय. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. मला वाटलं, हरल्याचं दुःख. आता त्याचाही संशय येतो, आणि माझीच मला चीड येते.

पावण्यानं त्याच्याकडचे मेसेज पुसलेत. तेच तुमच्या मोबाइलमध्ये असणार, म्हणून तिकडच्या पोलिसांनी इकडच्यांकडे तो मागितलाय. दादा म्हणतो, "पुसून टाक सगळं. मेलेल्या बापाची अब्रू काढतीस व्हय?" दादा एवढा का घाबरलाय, आबा? त्यालाही काही माहीत आहे का? बघा, सख्ख्या भावाकडेही वाकड्या नजरेनं बघायला लागले मी.

मोबाइल माझ्या कपाटात आहे. लॉक माहीत आहे, पण उघडला नाही. उघडला आणि नको ते दिसलं, तर पुसल्याशिवाय राहवणार नाही मला.

उद्या सकाळी तो तसाच साहेबांच्या हातात देईन, शब्द देते. तुम्ही नुसते भोळे निघालात तर पेठभर पेढे वाटीन. नाही निघालात, तर अक्षयच्या दारात जाऊन तुमच्या वतीनं माफी मागेन.

तुमचीच लेक,
सुमी