पितरांच्या पंधरवड्यातली स्कूटर

अण्णा, मी स्कूटर घेतली. तुम्ही गेल्यापासून या घरात दोन चाकांचं काही आलं नव्हतं, आईनं येऊच दिलं नव्हतं. आता आली तीही ऐन पितरांच्या पंधरवड्यात, तुमच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी. भावकीनं नावं ठेवायची ती ठेवून झाली आहेत. पण हे कसं घडलं ते तुमच्या कानावर घालायलाच हवं, कारण त्यात मी तुम्हालाही ओढलंय.

झालं असं, की उन्हाळ्यात माझी बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. शाळा सकाळची. आणि परभणी काही तुमच्या वेळची राहिलेली नाही. वसमत रोडवरून जिंतूर रोडला जायचं म्हणजे स्टेशनपाशी एक ऑटो सोडायचा, दुसरा धरायचा, आणि तो दुसरा सीटा भरल्याशिवाय जागचा हलत नाही. "बसा की मॅडम, निघालोच," म्हणतो आणि चहा प्यायला जातो. प्रार्थना संपल्यावर मी फाटकातून आत शिरते, रोज. पोरांना उशिरासाठी उभं करणारी मी, आणि माझ्याच वर्गातली पोरं माझ्याकडं बघून हसायलीत. मुख्याध्यापकांनी आधी नुसतं घड्याळाकडं पाहिलं, मग एक दिवस सगळ्यांसमोर बोलले. या वयात कुणाचं ऐकून घेणं माझ्यानं होत नाही. माझा राग कुणावर गेलाय ते तुम्हाला सांगायला नको. चालवायला तर मी मैत्रिणीच्या गाडीवर आईला चोरून शिकलेच होते. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर शोरूम गाठलं.

शोरूम ओस. "ह्या दिवसात कुणी पाय ठेवत न्हाई मॅडम, लोकं आता दसऱ्यालाच येत्यात," विकणारा म्हणाला, आणि गिऱ्हाईक दिसल्याच्या आनंदात सुरूच झाला. ह्याला मोबाईल जोडता येतो, फोन आला की समोर नाव दिसतं. म्हटलं, बाबा रे, मला रस्त्यानं कुणाशी बोलायचंय? मला पाय टेकतात का ते बघू दे. एका गाडीवर बसले तर नुसते अंगठे टेकत होते. रेल्वेच्या फाटकापाशी गर्दीत थांबायची वेळ आली तर आडवीच व्हायची. दुसरी इतकी जड, की स्टँडवर लावताना कंबरेतून कळ आली. बॅटरीवाली मला खरं तर आवडली होती, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वायर काय खिडकीतून खाली सोडू? शेवटी एक साधी पेट्रोलची निघाली. बुटकी, पुढं पिशवी ठेवायला सपाट जागा, चाकं जरा मोठी, आपल्या खड्ड्यांना पुरतील अशी. मग मी त्याला दुकानातले दिवे घालवायला लावले आणि पुढचा उजेड पाहिला, मागचा लाल दिवाही पाहिला. "मागचा दिवा कोन बघतंय मॅडम?" तो हसला. मी बघते. ताडकळसच्या रस्त्यावर तुमच्यापुढं जी उसाची ट्रॉली होती तिला मागं दिवा नव्हता, हे त्याला काय सांगायचं?

घरी येऊन आईला सांगितलं तर ती उभीच राहिली. "न्हाई गं माय. ह्या पंधरवड्यात लोखंड घरात आनायचं न्हाई." म्हटलं, मग दसऱ्याला? तर म्हणाली, "कवाच न्हाई." मी तडकले. म्हटलं, रोज शाळेत मला बोलणी खावी लागतात, तू येतेस का माझ्या जागी उभी राहायला? ती उठून आत गेली. जेवलीही नाही. आणि मला आठवलं, तुमची स्कूटरही याच पंधरवड्यात आली होती. मी तेव्हा सातवीत. तुम्ही ती दारात वाकडी करून किक मारताय, आई उंबऱ्यात उभी आहे, शेजारचे बघायलेत आणि कुणीच पेढे मागत नाही. पुढं उसाच्या हंगामात तुम्ही गेलात. लोकांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. मला वाटायचं, आईनंही तेवढंच केलंय.

तुमच्या तिथीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात गवार निवडत बसलो होतो. आई एकाएकी म्हणाली, "त्यायनी न्हाईच म्हनलं होतं. दसऱ्याला घेऊ म्हनले. मीच मागं लागले. बसची वाट बघून बघून रातच्याला यायचे, गार भाकर खायचे. म्या म्हनलं, आत्ताच्या आत्ता घ्या, पितर काय खातेत का तुमाला? ह्या तोंडानं म्हनलं." आणि गवारीच्या शेंगांकडं बघत राहिली. अण्णा, इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन माझे डबे भरत होती, वेण्या घालत होती, माझ्या लग्नात हसत होती. मला भडभडून आलं. रागही आला, तुमचा. तुम्हाला काही विचारताही येत नाही म्हणून.

मी म्हटलं, "आई, तुझ्या म्हणण्यानं नाही घेतली त्यांनी. ते गाडीचं आधीच ठरवून आले होते. मला सांगितलं होतं, आईला बोलू नको, तिला वाटू दे तिच्या हट्टानं घेतली."

आईनं वर पाहिलं. "तुला सांगितलं?"

"मला."

"कवा?"

"शाळेत सोडायला आले होते तेव्हा."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "लबाड," म्हणाली. "लय लबाड मानूस. असंच करायचे." त्यानंतर तिनं सगळी गवार निवडून संपवली, आणि उठता उठता म्हणाली, "आन तुझी गाडी. किती दिवस त्या ऑटोवाल्याच्या दारात उभी ऱ्हातीस?"

गाडी आली तेव्हा तिनं स्वतः चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारीण म्हणालीच, "अगं बाई, ह्या दिवसात?" तर आई तिला म्हणते, "त्यायच्याच दिवसात आनली. त्यायला दिसंल तरी." काल संध्याकाळी मागं बसून बाजारापर्यंत आली. सारखी म्हणत होती, हळू, हळू. पण उतरताना म्हणाली, एकदा पोखर्णीला देवदर्शनाला जाऊ.

हे पत्र मी कुणाला देणार नाही, वाचून झालं की फाडीन. पण एवढं तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही मला तसलं काही सांगितलं नव्हतं, अण्णा. शाळेत सोडायला तर तुम्ही कधी आलाच नाहीत. गाडी कुणाच्या म्हणण्यानं आली ते मला खरंच ठाऊक नाही. आई तिकडं आली की पाणीसुद्धा न पिता तुम्हाला आधी हेच विचारील. तेव्हा तेवढं हो म्हणा.