मंडळाचा साक्षेपी इतिहास

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ

समीक्षाचा फोन. समीक्षा म्हणजे आमच्या मावळ प्रतिपालक मंडळाची हल्लीची सेक्रेटरी. एकवीस डिसेंबरला मेळावा आहे, स्मरणिका निघणार आहे, मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहा म्हणाली. "अर्धं पान, सर."

अर्धं पान! संकोचानं म्हणाली असणार. काही मुलांना काही वर्षं स्वतःच्या घरी राहता येत नाही. आई आजारी, बाप तुरुंगात, कुणीच नाही. अशा मुलांना आपल्या घरी ठेवून घेणारी कुटुंबं या तालुक्यात कोणी शोधली? मी. त्यांचं मंडळ कोणी बांधलं? मी. हे अर्ध्या पानात बसेल?

किमान दोनशे पानं. नावही सुचलं: 'मावळातील प्रतिपालकत्व: एक साक्षेपी इतिहास'. लेखक, संस्थापक-अध्यक्ष आणि निवृत्त गणित शिक्षक गंगाधर सबनीस, वलवण, लोणावळा.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहानंतर लगेच लेखन. दोन वर्षांपूर्वी शैला गेल्यापासून घरात शांतता भरपूर आहे. ग्रंथलेखनाला अशीच लागते.

४ नोव्हेंबर

आठला उठलो. थंडी. मुखपृष्ठाचा विचार केला. विचार हेही लेखनच.

७ नोव्हेंबर

पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

संध्याकाळी भाजीवाल्याला पुस्तकाची रूपरेषा सांगितली. तो म्हणाला, "अजून काय देऊ?" कोथिंबीर घेतली. घरी आधीच एक जुडी होती, निम्मी पिवळी पडलेली. एकट्याला कोथिंबीर संपत नाही, ही बाजाराची चूक आहे.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

फील्ड वर्क. लोकलनं मळवलीला उतरून भाजे गावात गेलो, दत्तोबा आणि शालूबाईंकडे. मंडळातलं अगदी पहिलं कुटुंब. त्यांनी सांभाळलेला मुलगा आता चाकणला कंपनीत आहे, सणावाराला येतो म्हणे.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "मंडळाच्या स्थापनेची तुमची पहिली आठवण?"

शालूबाई म्हणाल्या, "शैलाताई आल्या व्हत्या की. पोराला ताप भरला व्हता. घाबरलेलं व्हतं, कुणाला हात लावू दिना. ताई दोन दिस हितंच ऱ्हायल्या. माज्याबरूबर भाकरी थापल्या, पोराला मांडीवर घेऊन बसल्या."

नोंद केली: 'पत्नीचे सहकार्य लाभले.'

"आणि मी?" मी विचारलं. लेखकानं सर्व बाजू घ्याव्यात.

दत्तोबा म्हणाले, "तुमी भाषाण केलतं की, गुर्जी. लय चांगलं. जरा लांबलं, म्हशी वरडाय लागल्या."

ग्रामीण भागात भाषणाचा ठसा वर्षानुवर्षं टिकतो, याचा पुरावा मिळाला.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. बराचसा आवाज माझाच आहे.

१४ नोव्हेंबर

मोठी कल्पना! पुस्तकात ओवीचं स्वतंत्र प्रकरण. आमच्याकडे राहिलेली मुलगी. सात वर्षांची असताना आली. पाच वर्षांनी आई बरी होऊन कामाला लागली, तशी तिच्याकडे देहूरोडला परत गेली. हे प्रतिपालकत्वाचं खरं यश. मूल परत जायलाच हवं, हे मी भाषणात नेहमी सांगतो. शैला मात्र त्यानंतरही दर रविवारी तिला फोन करायची. मी बाजूला पेपर वाचत असायचो. "बोलता का?" असं शैला विचारायची. मी हातानंच 'नंतर' म्हणायचो.

शैलाच्या दहाव्याला ओवी आली होती. मी गुरुजींशी बोलत होतो.

उद्या फोन करतो.

१५ नोव्हेंबर

शनिवार. कामाला असेल. उद्या रविवार, उद्या करू.

१६ नोव्हेंबर

रविवारी माणसाला विश्रांती हवी असते. नाही केला.

१९ नोव्हेंबर

नेटवर्क नव्हतं. म्हणजे दुपारी होतं. पण मुलाखतीआधी प्रश्नावली हवी. तयार केली. प्रश्न पहिला: 'मंडळाच्या कार्याचा आपल्या जडणघडणीवर काय प्रभाव पडला?' 'आपल्या' की 'तुझ्या', यावर तासभर गेला.

२४ नोव्हेंबर

समीक्षाचा फोन. "सर, अर्धं पान झालं का?" म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे, संशोधनाचा टप्पा चालू आहे. ती म्हणाली, "सर, जेवताय ना वेळेवर?" विषय सोडून बोलण्याची हल्ली सवय झाली आहे सगळ्यांना.

२९ नोव्हेंबर

फोन केला. दुसऱ्याच रिंगला उचलला. "काका? बरे आहात ना? काय झालं?" घाबरली बिचारी. म्हटलं, काही नाही, इतिहास आहे. पुढच्या रविवारी घरी या म्हणाली.

इस्त्रीला शर्ट टाकला.

७ डिसेंबर, संध्याकाळ

देहूरोड. दोन खोल्या, स्वच्छ. आई कँटीनला ड्यूटीवर होती. ओवी उंच झाली आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. पोहे केले होते, वर खोबरं. शैला करायची तसेच.

मी प्रश्नावली काढली. पहिला प्रश्न वाचला. ती हसली. "काका, मला असलं काही सांगता नाही येणार. तुम्ही साधं विचारा ना."

मी प्रश्नावलीत साधा प्रश्न शोधायला लागलो. मग तीच बोलायला लागली. काकू दोन वेण्या घालायची. धरणाच्या बाजूला फिरायला न्यायची. ओवी घरी आली तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती, तर काकूही नुसती शेजारी बसून मटार सोलायची, काही विचारायची नाही. "इतके मटार कुणी खाल्ले देव जाणे," म्हणाली आणि डोळे पुसले.

मी लिहून घेत होतो. मग विचारलं, "आणि माझ्याबद्दल? इतिहासासाठी विचारतोय."

तिनं खरंच विचार केला. मनापासून. मला दिसत होतं.

"काका, तुमची नाइट शिफ्ट असायची ना? मी झोपायच्या वेळेपर्यंत तुम्ही आलेले नसायचात. सकाळी काकू म्हणायची, हळू बोल, काकांना झोपू दे."

मी शाळामास्तर. शाळेला नाइट शिफ्ट नसते. संध्याकाळी मी मंडळाच्या सभांना असायचो. कामशेत, वडगाव, पवनानगर. मुलांना घरात आपुलकी कशी द्यावी, या विषयावर.

"हो," म्हटलं. "नाइट शिफ्ट."

"खूप कष्ट केलेत तुम्ही," ती म्हणाली. पोहे डब्यात भरून दिले.

८ डिसेंबर

लेखन नाही. पोहे गरम करून खाल्ले.

१२ डिसेंबर

लेखन नाही. पाठ धरली आहे. पाठ धरल्यावर संशोधन होत नाही.

१४ डिसेंबर

रविवार. सकाळी फोन हातात घेऊन बसलो. दहाच्या सुमारास लावला. ओवीनं विचारलं, "इतिहासाचं काही राहिलं का, काका?" म्हटलं, नाही. लोणावळ्यात थंडी आहे म्हटलं. तिकडेही आहे म्हणाली. बराच वेळ थंडीवर बोललो.

१६ डिसेंबर

समीक्षाला मजकूर पाठवला. अर्धं पान भरलं नाही. मंडळ कोणत्या साली निघालं, किती मुलं कुटुंबांत राहिली, आणि शैला भाज्याला दोन दिवस राहिली होती ते. समीक्षाचा लगेच मेसेज: 'छान झालंय सर. तुमचं नाव कुठेच नाही, टाकू का?' लिहिलं, जागा उरली तर.

दोनशे पानांचा ग्रंथ रद्द नाही. पुढे ढकलला आहे.

२१ डिसेंबर, संध्याकाळ

मेळावा. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. हल्ली नवीन कुटुंबं मिळत नाहीत, समीक्षा सांगत होती. एकच नवं जोडपं आलं होतं, भाज्याजवळचे कैलास आणि सविता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी सहा वर्षांची मुलगी येणार आहे. समीक्षानं त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. "हे आमचे संस्थापक. काय हवं ते विचारा."

सविता पदराशी खेळत होती. मग म्हणाली, "आबा, पोरगी पयल्या दिशी दारात आली, की काय करायचं वो? मला लय भ्या वाटतंय. बोलायचं का गप ऱ्हायचं?"

या विषयावर माझं भाषण तयार आहे. सात मुद्दे, तोंडपाठ. शेकडो वेळा केलं आहे. पहिला मुद्दा जिभेवर आला, आणि पुढे सरकेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला नाही सांगता येणार," म्हटलं. "आमच्या घरी ते सगळं शैला बघायची. तिला बरोबर माहिती आहे."

सविताला एकदम हायसं वाटलं. खुर्चीतून अर्धी उठली, वळून सगळ्या हॉलभर पाहिलं. "कोनच्या वो त्या? त्यांनाच इचारते."

"आज आल्या नाहीत," म्हटलं.

चहा घेतला आणि घरी आलो.