पोथी मरणावर मिटू नये

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
शुक्रवार पेठ, सोलापूर
२२ एप्रिल २०२५

प्रिय मित्र बिभीषण यास,
विरुपाक्षचा सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा रविवारी सकाळी लिंगपूजा आटोपली, पेपराला लावलेली कादंबरी पिशवीत घातली आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पायऱ्यांवर जाऊन बसलो. घरी थांबलो असतो तर गुरम्माने कुरडयांचा चीक हाटायला बसवलं असतं. शेवटचं प्रकरण तिथेच वाचून संपवलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पायऱ्यांवर ऊन उतरलं, दर्शनाची गर्दी झाली, तरी माझ्याने उठवेना.

तुला शेवट ऐकायची घाई आहे, तर सांगतो. नदीला पूर आलेला. थॉमस आणि नेड या दोघा मित्रांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या धक्क्यावर लाकडं वाहिली आणि उरल्या वेळात स्वतःची बोट बांधली, इथवर तुला ठाऊक आहेच. धाकटा नेड पहाटे थॉमसला न सांगता ती बोट पाण्यात घालतो. थॉमस काठाकाठाने हाका मारत धावतो. बोट कलते, एकदा दिसेनाशी होते. आणि मग तरते. नेड पलीकडे पोचतो, हात हलवतो. पुढे दोघं मिळून लोकांना पार नेण्याचं काम करतात. एवढंच. शेवटचं पान लहान आहे.

पुस्तकाची एकच प्रत हाती आली हे एका परीने बरं झालं. तुला सांगायचं म्हणून मी शब्दकोश घेऊन वाचतो, नाहीतर केव्हाच कंटाळलो असतो. मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावरचे सर म्हणाले तेच खरं, पेपर हाताने लिहायचा आहे आणि आपले हात फोनने आखडले आहेत. म्हणून फोन न करता पत्रं लिहायचं आपण ठरवलं ते मोडू नकोस. इंग्रजीचा हा एकच पेपर उरला आहे आणि आपल्या नोंदणीची मुदतही यंदाच संपते. गावच्या शाळेत एका बाकावर बसलो, पदवी मात्र पन्नाशीला आलो तरी लांबच राहिली. आता ती सोडायची नाही. गेल्या वर्षी भिमा गेला तेव्हा तू पुस्तकं माळ्यावर टाकलीस. धाकट्या भावाचं दुःख काय असतं ते मी तुला सांगू नये. पण ती पुस्तकं खाली काढलीस, याचा मला फार आधार वाटला.

केरावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझा,
विरुपाक्ष


।। बिरोबा प्रसन्न ।।
वस्तीवरून, सांगोला
२६ एप्रिल

विरू यास,
बिभीषणचा रामराम, आन तुमच्या रीतीनं शरणु शरणार्थी.

पोस्टमन आला तवा मी शेरडांना पाणी दावत हुतो. बादली तितंच ठिवली आन हुबा राहूनच वाचलं. नेड्या बोट घिऊन निघाला तितं माझा जीव वर आला की. केराला म्हणलं, बुडतंय गं हे पोरगं. ती जवारी निवडता निवडता म्हणली, विरूभावजींच्या हातात हाय व्हय, मग न्हाय बुडायचं. आन खरंच न्हाय बुडालं. दोगं बी लई हसलो. आमच्या घरात असं हसणं लई दिसांनी झालं.

तू लिवतोस तवा इंग्रजांची कादंबरी बी मठातल्या पुराणावानी लागती. त्यो थॉमस कपाळाला भस्म लावत न्हाय न्हवं?

एक खरं सांगतो. भिमा गेल्यापासनं पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. डाळिंबाची बाग आमी दोगांनी लावली, तेल्या रोग पडला तवा दोगांनीच उपटली, आन परत लावायची म्हणत हुता तवाच त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं. मला वाटायचं, दोगांनी मिळून काय बी केलं तरी बुडतंच. तुझा शेवट वाचला आन त्या राती झोप लागली. आता अक्षरं हितं तितं पळत न्हाईत. मी शेवटावरचंच उत्तर पाठ करतोय. गाईड हातात धरत न्हाय. विरू सांगतोय की, मग गाईड कशाला?

दिपालीला रोज सांजच्याला फोनवर गोष्ट सांगतो. मिरजेला नर्सिंगच्या अभ्यासात असती तरी कान दिऊन ऐकती.

गुरम्मावैनीला सांग, कुरडया झाल्या की वस्तीवर बी धाडा. माया हाय तशीच राहू दे.

तुझा,
बिभीषण


मिरज
२९ एप्रिल

ती. विरूकाका यांस,
दिपालीचा शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आण्णांचं नाव निघालं की मला रडू येतं, म्हणून लिहिते.

आण्णा रोज ती बोटीची गोष्ट सांगायचे, म्हणून मी इथल्या वाचनालयातून कादंबरी काढली. त्यांच्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलावीत आणि त्यांना चकित करावं असं मनात होतं. काका, शेवटच्या प्रकरणात नेड बुडतो. बोट उलटते आणि तो सापडत नाही. थॉमस उरलेली सगळी लाकडं नदीत सोडून देतो आणि एकटा निघून जातो. मी तीन जणींना वाचायला लावलं. त्यांनीही तेच सांगितलं.

तुम्ही असं का केलंत ते मला थोडंसं कळतं आणि थोडंसं कळत नाही. आण्णा आता फोनवर पहिल्यासारखे खोकतात, ओरडतात, आईची चेष्टा करतात. भिमाकाका गेल्यावर त्यांचा आवाज असा झाला होता की फोन लागला आहे की नाही हे मला विचारावं लागायचं. तो आवाज तुम्ही परत आणलात. पण पेपरात ते तुमचा शेवट लिहिणार आहेत.

मी सांगितलं तर त्यांना दोन दुःखं होतील, एक नेडचं आणि दुसरं लेकीकडून कळल्याचं. तुम्हीच सांगा. पण सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मला सांगावं लागेल.

काकूंना नमस्कार. रागावू नका, आणि रागावलात तरी माया कमी करू नका.

आपली,
दिपाली


।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
शुक्रवार पेठ, सोलापूर
२ मे

चि. दिपालीस,
विरूकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. समोर भस्माच्या पुड्या बांधायच्या राहिल्या आणि गिऱ्हाईक दोनदा हाक मारून निघून गेलं.

आमच्या गावच्या मठात श्रावणात पुराण लागायचं. वाचताना कुणाचं मरण आलं तर स्वामी पोथी तिथे कधीही मिटत नसत. कितीही उशीर होवो, पुढच्या शुभ अध्यायाच्या चार ओळी वाचत आणि मगच फडक्यात बांधत. मरणावर पोथी मिटली तर ऐकणारा ते मरण घरी घेऊन जातो, असं ते म्हणत. तुझे आण्णा मेंढरं मागे ठेवून ऐकायला यायचे, माझ्याशेजारी बसायचे. मी तळ्याकाठी तो शेवट वाचला तेव्हा मला नेड दिसलाच नाही. भिमा दिसला. वाटलं, हे पान बिभीषणच्या घरी जाऊ द्यायचं नाही. चार ओळी माझ्या लिहिल्या आणि पोथी बांधली. त्याच पत्रात परीक्षेचं लिहिलं, तरी हाच शेवट तो पेपरात लिहील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कादंबरीला पोथी समजलो, हीच माझी चूक.

आता मी भितो. खरं सांगितलं तर तो पुन्हा पुस्तकं माळ्यावर टाकेल आणि यंदा टाकली की संपलं. न सांगावं तर नापास होईल. जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या. शेवटावर प्रश्न दर वेळी येत नाही. आला तरी पर्याय असतो. मी त्याला मैत्रीवरचा प्रश्न घोटायला सांगतो. सिद्धेश्वराला साकडंही घातलं. ते ऐकून तुझी काकू म्हणाली की, खरकटं तुम्ही करायचं आणि घासायचं देवाने, ही कुठली भक्ती. मी ताटावरून उठलो.

पोरी, मला पेपरापर्यंत थांबू दे. थोडी कळ काढ. अभ्यास सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझा,
विरूकाका


।। बिरोबा प्रसन्न ।।
वस्तीवरून, सांगोला
६ मे

विरू यास,
बिभीषणचा रामराम.

बातमी लई मोठी हाय, बसून वाच. येत्या ऐतवारी, ११ तारखेला, केंद्रावर शेवटचा वर्ग हाय. सरांनी फोन केला की कादंबरीच्या शेवटावर कुणी तरी हुबं राहून सांगायचं. ती कालेजातली पोरं एक बी तयार हुईना. मी म्हणलं, मी सांगतो. सर म्हणले, बिभीषणराव, नक्की का? म्या म्हणलं, शेवट माझ्या पोटात हाय.

तुला ठावं हाय, शाळंत विंग्रजीच्या तासाला गुरुजी मला बाकावर हुबं करायचे. समदी पोरं हसायची, तू तेवडा खाली बघायचास. आता मी आपल्या पायानं हुबा राहणार हाय. केरानं शर्ट धुऊन इस्तरीला दिलाय. रोज शेरडांम्होरं बोलून बघतो. शेरडं काय हसत न्हाईत. एक काळी हाय ती तेवडी मधीच उठून जाती.

मैत्रीवरचं उत्तर घोट म्हणून तू लिवलंस, ते ऱ्हाऊ दे. मला शेवटच सांगायचाय. त्या शेवटानंच मला उठवलंय, मग लोकांना त्योच सांगणार. ऐतवारी तू पयल्या बाकावर बस. चुकलो तर नुसतं खुणव.

दिपाली हल्ली फोनवर गप गप असती. काय झालंय तिला, तुला काय बोलली व्हय?

वाट बघतो. यिऊन जा, म्हंजे माया ताजी ऱ्हाती.

तुझा,
बिभीषण


।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।
सांगोला बसस्थानक
१० मे, शनिवार

चि. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडीला वेळ आहे आणि हे घरी जाऊन लिहिण्याइतका धीर माझ्यात नाही, म्हणून बाकावरच लिहितो.

तुझ्या आण्णांचं पत्र काल हाती पडलं. पेपरात चूक झाली असती तर एका तपासनिसाने पाहिली असती. उद्या तो पोराबाळांपुढे उभा राहून माझं खोटं स्वतःच्या तोंडाने सांगणार होता आणि सगळे हसले असते, तेही मी पहिल्या बाकावर बसलेला असताना. देवाने माझं साकडं ऐकलं नाही. ऐकलं नाही हेच बरं केलं. आज पहिल्या गाडीने वस्तीवर गेलो.

तो गोठ्यापुढे शेरडांना भाषण देत होता. मला पाहून ओरडला की, आला बघा सोलापूरचा साहेब, आता तरी नीट ऐका. तुझी आई चहाला उठली. मी म्हणालो, वहिनी, चहा मागाहून. पुस्तक काढलं आणि त्याला म्हणालो की, मी तुला शेवट चुकीचा सांगितला आहे, आता पुस्तकात आहे तसा वाचतो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी वाचू लागलो. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा अर्थ. बोट उलटली तिथे मी थांबलो. तुझ्या आईने सूप खाली ठेवलं. तो एवढंच म्हणाला की, वाच, थांबू नगंस. थॉमस लाकडं सोडून देतो तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक उघडंच ठेवलं.

त्याने विचारलं की, मग ते तरलेलं कुणी लिवलं? मी म्हणालो, मी. का लिहिलं तेही सांगितलं, पोथीचं, भिमाचं, सगळं. त्यावर तो जे बोलला ते तुला तसंच कळवतो, कारण मला ते विसरायचं नाही. तो म्हणाला की, भिमाला मी माझ्या हातानं आंघोळ घातली, त्याच्या डोस्क्याची जखम मी धुतली, आन तू मला कागदावरच्या मढ्याला भितोय म्हणलास व्हय. मग म्हणाला की, इतके दिस मी तुझ्या खोट्यावर झोपलो, आता कशावर झोपू ते सांग.

तो उठून शेरडांकडे गेला. तुझी आई हळूच म्हणाली की, भावजी, आज सांगितलं ते बरं केलंत, पण त्या दिवशीच सांगितलं असतं तर तुमच्याच गळ्यात पडून रडला असता. आता कुणाच्या पडायचं त्यानं? दिपाली, मला सगळ्यात जास्त हे लागलं. मी त्याचं रडणं चुकवायला गेलो आणि त्याला एकटा पाडून आलो. तो आता पुस्तक माळ्यावर टाकणार, असं धरूनच मी चपला पायात घातल्या होत्या.

तो आला, हात धुतले, पुसले आणि पुस्तक दे म्हणून हात पुढे केला. मी वाचून दाखवू लागलो तर तो म्हणाला की, तू गप. उंबऱ्यावर उजेडाला बसला आणि शेवटचं पान एकेका शब्दाखाली बोट धरून स्वतः वाचू लागला. इंग्रजीत. अडखळला तिथे मला न विचारता तुझ्या आईच्या तोंडाकडे बघायचा, जणू तिलाच येतंय. दोन शब्द मात्र मलाच विचारावे लागले. ते विचारताना माझ्याकडे पाहिलं नाही. पान संपल्यावर म्हणाला की, हा थॉमस दुसरी बोट बांधू शकला असता, लाकडं तर हुती, मग सोडली का? मी सांगायला तोंड उघडलं, तर हात वर केला. म्हणाला, तू सांगू नगंस. उद्या मी सांगतो. आन तू पयल्या बाकावर बसू नगंस, मागं बस.

मग आम्ही चहा घेतला. राहा म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. गोठ्यापर्यंत आला. तुला रात्री फोन करायचा आहे म्हणाला. तू उचल आणि त्याला रडू आलं तर येऊ दे, मी केलं तसं करू नकोस.

त्याचा राग किती दिवस राहील ठाऊक नाही. राहू दे, तो त्याच्या हक्काचा आहे. निघताना पिशवीतला शब्दकोशही काढला आणि पुस्तकावर ठेवला. दोन्ही त्याच्याकडे सोडून आलो आहे.

आमच्यावर लोभ असेल तर असू दे, नसेल तर मागायचं तोंड आज मला नाही.

तुझा,
विरूकाका