खाली उतरण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. मुख्य नियंत्रक,
असाधारण शक्ती नोंदणी व नियंत्रण विभाग,
मुख्य कार्यालय.

(अर्ज शाखा कार्यालयामार्फत पाठवावा असा नियम आहे. परंतु तक्रार शाखेचीच असल्याने थेट पाठवत आहे.)

विषय : रीतसर परवानगी घेऊन वर गेलेल्या अर्जदारास खाली उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) उड्डाण परवानगी क्रमांक एक.
२) शाखेच्या शिपायाने खिडकीतून दिलेला तोंडी सल्ला : "उतरा की आता, कोण बघतंय!"

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार हे सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल असून त्यांना उडता येते. गेले अकरा दिवस ते आपल्या शाखा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील खिडकीबाहेर हवेत आहेत. वर वाऱ्याने कागद ठरत नाही, म्हणून हा अर्ज खाली आवारात टेबल टाकून बसणारी अर्जलेखिका लिहीत आहे. अर्जदार वरून सांगतात, ती खाली उतरवून घेते. जे ऐकू आले नाही ते तिने पदरचे घातले आहे. अर्जात म्हणी आणि टोमणे नसावेत असे आपले परिपत्रक आहे, ते तिने वाचले आहे.

२. हकीकत अशी की, शाखेच्या नावाची पाटी एका खिळ्यावर लोंबकळत होती आणि त्यातला 'नियंत्रण' हा शब्द येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात पडायच्या बेतात होता. शिडी आहे, पण ती ज्या खोलीत आहे तिची किल्ली रजेवर आहे. तेव्हा शाखेने अर्जदारांना गळ घातली. अर्जदारांचा नोंदणी क्रमांक एक आहे. कायदा लागू झाला त्या दिवशी कार्यालय उघडण्याआधीच ते दारात उभे होते. त्यांनी उडण्यासाठी अर्ज केला, नियमाप्रमाणे तीन दिवस थांबले, परवानगी मिळताच वर गेले आणि चार खिळे ठोकून पाटी सरळ केली. खाली येण्यापूर्वी, सवयीप्रमाणे, त्यांनी परवानगीचा कागद पुन्हा एकदा वाचला. त्यात फक्त 'वर जाणे' असे होते. 'खाली येणे' कुठेच नव्हते. शहरात दिलेली ही पहिलीच परवानगी, त्यामुळे ही उणीव आधी कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा कोणी असता तर खांदे उडवून उतरला असता. अर्जदार दुसरे कोणी नाहीत, हीच सगळी अडचण आहे.

३. शाखेच्या लिपिकांकडे विचारणा केली असता कळले की, उतरणे हा विषय अवतरण शाखेचा आहे. ती शाखा मंजूर आहे. तिची खुर्ची आली, टेबल आले, टेबलावरची घंटीही आली. माणूस यायचा आहे. परवानगीशिवाय शक्ती वापरल्यास सहा महिने उड्डाणबंदी आहे आणि उतरणे हा शक्तीचाच वापर आहे, असे लिपिकांनी नियम उघडून दाखवले. शक्ती न वापरता खाली यायला मात्र कसलीही हरकत नाही, असेही ते म्हणाले. त्याला पडणे म्हणतात. ही सवलत अर्जदारांनी आभारपूर्वक नाकारली.

४. वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून अर्जदारांच्या कमरेला दोर बांधला असून त्याचे दुसरे टोक कार्यालयाच्या फाटकाला आहे. जेवणाचा डबा बादलीतून वर जातो. नैसर्गिक गरजांबाबत अर्जलेखिका सभ्यपणे एवढेच लिहिते की, अर्जदारांस खिडकीतून आत येऊन कार्यालयाचे स्वच्छतागृह वापरण्याची मुभा आहे. मात्र पाय फरशीला टेकता कामा नयेत, टेकल्यास ते उतरणे समजले जाईल. म्हणून अर्जदार गुडघे पोटाशी घेऊन दोन टेबलांमधून तरंगत जातात आणि लिपिक हातात पट्टी घेऊन, वाकून, फरशी आणि तळव्यांमधले अंतर मोजत त्यांच्या मागे जातात. दिवसातून चार वेळा. दोघांचीही कंबर धरली आहे.

५. वाचनालय अकरा दिवस बंद आहे. किल्ल्या अर्जदारांच्या खिशात आहेत. त्या खाली टाकता आल्या असत्या, परंतु कार्यभार लेखी हस्तांतरित केल्याखेरीज किल्ली देता येत नाही आणि कार्यभार जमिनीवरच घ्यावा लागतो. वाचक खाली येऊन उभे राहतात, वर बघून मान दुखवून घेतात आणि जातात. एका आजींची कादंबरी शेवटच्या प्रकरणावर अडकली आहे. त्या रोज येऊन विचारतात की तो तिच्याशी लग्न करतो का. अर्जदारांना उत्तर ठाऊक आहे, पण पुस्तकाचा शेवट सांगणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

६. आता मूळ वादाविषयी. या शहरात असाधारण शक्ती असलेल्यांचे एक मंडळ आहे. दर रविवारी चहा व्हायचा, फुशारक्या व्हायच्या. कायदा आला आणि मंडळाची दोन शकले झाली : नोंदणीवाले आणि बिननोंदणीवाले. आता मधोमध पडदा आहे आणि चहा दोन किटल्यांत होतो. अर्जदार नोंदणीवाल्यांचे अध्वर्यू. त्यांचे म्हणणे असे की, नोंद नसलेले वाचनालय म्हणजे नुसता ढीग, आणि नोंद नसलेली शक्ती म्हणजे त्याहून वाईट. ते म्हणतात ते सगळेच खोटे नाही. याच मंडळातल्या एकाने आग लागली म्हणून धावत जाऊन एका घराचे छप्पर उचलले होते. आग शेजारच्या घरात होती. या घरात एक वयस्कर गृहस्थ आंघोळ करत होते. उलट बाजूला 'झटपट' नावाने ओळखले जाणारे गृहस्थ आहेत. ते डोळ्याचे पाते लवायच्या आत गावाच्या टोकाला पोचतात. त्यांचा सवाल असा की, धावायला तीन दिवस आधी अर्ज करायचा असेल तर बस काय वाईट? आणि नोंदणीचे म्हणाल तर 'गायब' यांच्या ओळखपत्रावर फोटोच्या चौकटीत नुसती भिंत आहे. त्याखाली आपल्या शाखेचा शेरा आहे : 'चेहरा ओळखू येतो.'

७. अर्जदार वर अडकल्याचे कळताच दोन्ही बाजू फाटकाशी जमल्या. नोंदणीवाल्यांनी त्यांच्या उजव्या पायाला 'शिस्त असावी तर अशी' असा फलक बांधला. बिननोंदणीवाल्यांनी डाव्या पायाला 'बघा, हे होते' असा. दोघांनी रीतसर परवानगी मागितली म्हणून अर्जदारांनी दोघांनाही दिली. वारा सुटला की एका बाजूचा फलक दुसऱ्यावर गुंडाळला जातो आणि खाली हमरीतुमरी होते. खाली कसे आणावे याचा विचार अकरा दिवसांत एकाही बाजूने केलेला नाही. घर जळतेय, आणि हे शेक घेताहेत.

८. विचार करणारे माणूस एकच, अर्जदारांच्या पत्नी. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या मंडळात पडद्याच्या पलीकडे बसतात, ते पंखा तिकडे आहे म्हणून. त्या रुग्णालयाची लिफ्ट दोन वर्षे बंद आहे, तरी खाटेवरून हलता न येणारा एकही रुग्ण तळमजल्यावर अडकून राहिलेला नाही. कसे, याची चौकशी कोणी केलेली नाही आणि कोणी करूही नये. प्रत्येक खाटेसाठी तीन दिवस आधी अर्ज करावा लागला तर रुग्ण कुठल्या कुठे जाईल, असे त्या एकदा म्हणाल्या. पण ते आपले असेच, बोलण्याच्या ओघात. या बाईंच्या अंगी कसलीही असाधारण शक्ती नाही. अर्जदार खोटे सांगत नसल्याने हे वाक्य अर्जलेखिकेने स्वतःच्या जबाबदारीवर लिहिले आहे.

नवराबायकोत या कायद्यावरून वर्षभर धुसफूस आहे. तरी डबा एक दिवस चुकलेला नाही. रोज कामावर जाताना त्या दोर धरून उभ्या राहतात. एका हिसक्यात काम झाले असते, असे कोणाच्याही मनात येऊ नये. त्या फक्त विचारतात, "अहो, ओढू का?" अर्जदार वरून म्हणतात, "नको गं, मग मला कळवावं लागेल." काय कळवावे लागेल, ते अर्जलेखिकेला वाऱ्यामुळे ऐकू आले नाही.

९. काल लिपिकांनी मार्ग काढला. अवतरण शाखेचा अर्ज मुख्य कार्यालयातून छापून आला आहे, तो भरून द्या, शिक्का मारतो, पाच मिनिटांत खाली या. अर्जदारांचा चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच उजळला. त्यांनी तेरा रकाने सुवाच्य अक्षरात भरले. चौदावा रकाना असा : 'घरातील व्यक्तीकडे नोंदणी नसलेली शक्ती असल्यास तिचे नाव व शक्तीचा तपशील.' येथे अर्जदारांचे पेन थांबले ते थांबले. 'निरंक' लिहा आणि मोकळे व्हा, असे शिपायाने सुचवले. अर्जदारांनी आयुष्यात कागदावर खोटे लिहिलेले नाही. त्यांनी अर्ज परत केला, खिडकीतून बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून राहिले. काल त्यांनी डबाही अर्धाच खाल्ला.

१०. तरी विनंती की, चौदावा रकाना कोरा ठेवून अर्जदारांस उतरण्याची परवानगी मिळावी. ते शक्य नसल्यास अर्जदारांस कायम हवेतच राहू द्यावे, तसा त्यांचा निवासाचा पत्ता बदलून द्यावा ('तिसऱ्या मजल्याबाहेर, पाटीजवळ'), आणि पत्नीस रोज अर्धा तास भेटीसाठी खिडकीत खुर्ची मिळावी. अर्जलेखिकेने तीस वर्षांत पुष्कळ अर्ज लिहिले, पण अशी मागणी पहिल्यांदाच लिहिली.

विषयात बदल

मुद्दा दहा लिहून होत असतानाच पुढील प्रकार घडला. हातात एवढाच कागद असल्याने वरचा मजकूर न खोडता पुढे लिहीत आहे.

११. अर्जदारांच्या पत्नी रुग्णालयातली पाळी संपवून तशाच आवारात आल्या. त्यांनी अर्ज अर्जलेखिकेच्या हातातून घेऊन वाचला. मुद्दा नऊ दोनदा वाचला. वर बघितले. "हा माणूस ना," एवढेच म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. वर काय झाले ते अर्जलेखिकेने मागोमाग जाऊन स्वतः पाहिले आहे.

१२. बाईंनी लिपिकांकडून अवतरणाचा अर्ज मागून घेतला आणि रकाना चौदामध्ये स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिले. लिहिताना पेन कागदातून, खालच्या पुठ्ठ्यातून आणि टेबलातून आरपार गेले. टेबल जुने होते. काय लिहिले ते लिपिकांनी वाचलेले नाही, कारण त्यांचा चष्मा कपाळावर होता. बाई म्हणाल्या, "मारा शिक्का. त्यांना खाली येऊ द्या. माझं मी बघते." लिपिकांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

१३. त्या वेळी अर्जदार खिडकीतून आत आले. गुडघे पोटाशी घेतलेले नव्हते. लिपिक सवयीने पट्टी घेऊन वाकले. पण मोजायला अंतर उरले नव्हते. अर्जदारांनी आधी उजवा आणि मग डावा, असे दोन्ही पाय, टाचेसकट, फरशीवर टेकवले. कोणतीही परवानगी नसताना. मग शिक्का आणि कागद यांच्यामध्ये हात घातला, कागद उचलला आणि त्याचे इतके बारीक तुकडे केले की ते कोणत्याही फायलीत लागणार नाहीत. अर्जदारांनी आजवर पुस्तकाचे पानसुद्धा दुमडलेले नाही. शिक्का त्यांच्या मनगटावर उमटला आहे.

लिपिक म्हणाले, "अहो, हे नियमबाह्य आहे!" अर्जदार म्हणाले, "हो. लिहून घ्या." पत्नीकडे वळून म्हणाले, "तू कशाला लिहिलंस गं?" त्या म्हणाल्या, "मग काय तुम्हाला तिथेच टांगलेलं ठेवू?" बाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

१४. अकरा दिवसांनी पायांवर भार पडल्याने अर्जदारांना नीट चालता येईना. जिन्याला सहासष्ट पायऱ्या आहेत. बाईंनी कमरेचा दोर आणि पायांचे फलक सोडून खिडकीतून खाली टाकले आणि त्यांना दंडाला धरले. नुसते धरले. बाकी काही करायचे कोणाच्या मनात असते तर चुटकीसरशी झाले असते. पण अर्जदार एकेक पायरी स्वतः उतरले आणि बाई प्रत्येक पायरीवर त्यांच्यासाठी थांबल्या. फाटकाशी दोन्ही बाजूंचे लोक खाली आलेले फलक हातात धरून उभे होते. ते सगळे बाजूला झाले. झटपट यांनीही वाट हळूच सोडली.

१५. हा उर्वरित मजकूर अर्जदार अर्जलेखिकेच्या बाकावर बसून सांगत आहेत. त्यांचे मत बदललेले नाही : शक्तीची नोंद असावी. ती कोणी करावी, कोणाची करावी आणि त्यासाठी आपल्याच माणसाचे नाव द्यावे लागू नये, एवढ्यावर त्यांचा पुन्हा विचार चालू आहे. मूळ विनंती, म्हणजे मुद्दा दहा, मागे घेण्यात येत आहे. त्याऐवजी विनंती अशी की, परवानगीशिवाय उतरल्याबद्दल नियमात असलेली सहा महिन्यांची उड्डाणबंदी अर्जदारांस लवकरात लवकर देण्यात यावी. गुन्हा त्यांनी पूर्ण शुद्धीवर, दिवसाढवळ्या, दोन्ही पायांनी केलेला आहे. शेवटी क्षमायाचना घालू का, असे अर्जलेखिकेने विचारले, कारण तशी पद्धत आहे. अर्जदारांनी पत्नीकडे पाहिले. आणि म्हणाले, "नको."

माहितीसाठी व पुढील कारवाईसाठी सादर.

आपला नम्र,
अर्जदार
(सही स्वतःची, सही करून पत्नीसह चालत घरी गेले)

अर्ज लिहिणार : आवारातली अर्जलेखिका

दिनांक : वर राहण्याचा अकरावा व शेवटचा दिवस